गजभिये साहेबांनी घेतलेला चार्ज

सिंगापूरच्या आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर मुलाबाळांचे फोटो नाहीतर एखादं छोटं रोप असायचं. गजभिये साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या नाड्याचं भेंडोळं असायचं. परकराला घालतात तोच नाडा. लिटल इंडियातल्या एका शिंप्याकडून त्यांनी तो शोधून आणला होता. छापलेला कुठलाही कागद हातात आला की साहेब आधी त्याच्या पानांवर पेन्सिलीनं आकडे घालत, उजव्या कोपऱ्यात तारीख टाकत आणि मग गठ्ठा नाड्यानं बांधत. आम्ही सॉफ्टवेअर बनवणारी माणसं, कागद फारसा छापतच नव्हतो. साहेब आले आणि प्रिंटर महिन्यातून दोनदा बिघडायला लागला.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. सिंगापूरच्या पाया लेबार भागात आमची कंपनी होती. एका बेटांच्या देशातलं मोठं काम तिला मिळालं होतं. त्या देशाचं नाव सांगत नाही, तसं लिहून दिलेलं आहे. तिथल्या दूरच्या बेटांना बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर स्वतःचं प्रादेशिक सरकार मिळालं होतं. शाळा आणि दवाखाने त्या सरकारकडे आधीच गेले होते, आता खालची कोर्टं जायची होती. म्हणजे कोर्टाच्या इमारती, कारकून, नोंदवह्या आणि चालू खटले, सगळं राजधानीच्या हातून निघून बेटांच्या हातात यायचं. त्यासाठी लागणारी संगणकाची व्यवस्था आम्ही उभी करत होतो. आमच्या टीममध्ये बुद्धिमान मुलं भरपूर होती, पण कोर्टाची पायरी कोणीच चढलेलं नव्हतं. म्हणून कंपनीनं नागपूरहून गजभिये साहेबांना आणलं.

साहेब मूळचे भंडारा जिल्ह्यातले. मॅट्रिक होऊन तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून चिकटले आणि नोकरी करता करता वकिलीची परीक्षा दिली, पण वकिली केली नाही. कोर्टात पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे घाबरत होते. खोक्यातून तो यांनी काढला, आणि तिथून त्यांचं आयुष्य दुसऱ्याच रुळावर गेलं. नागपूरच्या एका कंपनीनं त्यांना उचललं, तिथून सिंगापूर. पंचावन्नाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढलेला माणूस. बुटके, सावळे, केसांना तेल, आणि कितीही उकडलं तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण शेवटपर्यंत मला ते 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचे. कोर्टात सगळ्याच बायका मॅडम असतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची इंग्रजी ईमेल 'मोस्ट रिस्पेक्टफुली सबमिटेड' अशी सुरू व्हायची. आमचा मॅनेजर टॅन सिंगापूरचाच, चटपटीत आणि कायम घाईत असलेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की हे गृहस्थ माझ्यावर नाराज आहेत का, दुपारच्या जेवणाची वेळ विचारायला इतकं गंभीर पत्र का लिहितात.

आणि 'पुढची तारीख'. कुठलीही बैठक, कुठलीही भेट, पुढची तारीख ठरल्याशिवाय साहेब उठायचे नाहीत. आमच्या घरी पासिर रिसला पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चपला घालताना त्यांनी खिशातून डायरी काढली. मी म्हटलं, साहेब, या की केव्हाही. ते म्हणाले, "केव्हाही म्हणजे कधीच नाही, मॅडम. तारीख सांगा." दोन आठवड्यांनंतरचा रविवार डायरीत लिहूनच ते लिफ्टकडे गेले. माझी पाच वर्षांची मुलगी त्यांना 'डेट अंकल' म्हणायला लागली.

कोर्ट म्हणजे काय हे आम्हाला कळत नाही, असं त्यांनी महिनाभर पाहिलं. मग एका दुपारी मीटिंग रूममधल्या खुर्च्या हलवल्या. टॅनला मधोमध बसवून न्यायाधीश केलं. मला वादी केलं, माझी शेजाऱ्याशी कुंपणावरून तक्रार. आमचा एक टेस्टर प्रतिवादी. स्वतः साहेब बेंच क्लार्क. दाराशी जाऊन त्यांनी आमची नावं अशी काही पुकारली की शेजारच्या कंपनीतली माणसं बाहेर आली. एकानं लॅपटॉपवर आमचं सॉफ्टवेअर उघडलं आणि जे घडेल ते भरायला लागला. साक्षीदार गैरहजर, तारीख पुढे. वकील आजारी, तारीख पुढे. टॅनला न्यायाधीशाची खुर्ची फारच मानवली होती, तो ऐटीत मान डोलवत होता. चौथ्या तारखेला साहेबांनी शांतपणे जाहीर केलं की वादी वारली.

मी वारले. लॅपटॉपवाला शोधायला लागला आणि शोधतच राहिला. आम्ही सहा महिने खपून बांधलेल्या त्या व्यवस्थेत माणूस मरायची सोयच नव्हती. मग वारस रेकॉर्डवर घ्यायची सोय कुठून असणार?

"बघा," साहेब म्हणाले, "एवढ्या स्क्रीनी केल्या, पण मॅडमला मरता येऊन नाही राहिलं."

लोक हसले. त्या दिवसापासून टीममधली मुलं काहीही करायच्या आधी त्यांना विचारायला लागली. टॅनही.

साहेब आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू चोआ चू कांगला सरकारी ब्लॉकमध्ये भाड्यानं राहायचे. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घालतात. त्यांच्या वरच्या मजल्यावरची चिनी आंटी ओले कपडे न पिळताच घालायची, आणि ते पाणी साहेबांच्या खिडकीवरून थेट खालच्या मजल्यावरच्या मलय बाईंच्या वाळत आलेल्या चादरींवर पडायचं. दोघींचं वर्षभर बोलणं बंद. साहेब कोर्टाचं काम करतात एवढं दोघींना कुठूनतरी कळलं होतं, आणि लिफ्टमध्ये दोघी त्यांना आपापली बाजू ऐकवायच्या. एका रविवारी साहेबांनी ब्लॉकखालच्या सिमेंटच्या टेबलापाशी दोघींना वेगवेगळ्या वेळी बोलावलं, मोडक्या इंग्रजीत दोघींचा जबाब लिहून घेतला, खाली सह्या घेतल्या. मग समोरासमोर बसवून पहिलीचा जबाब दुसरीला वाचून दाखवला, दुसरीचा पहिलीला. आंटीच्या जबाबात एक वाक्य होतं: बोटांत संधिवात आहे, कपडे पिळता येत नाहीत. मलय बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची पडली. तिची गरजच उरली नव्हती, पण तारीख पडलेली म्हणून दोघी आल्या. आंटीनं संत्री आणली, मलय बाईंनी केळीच्या पानात वाफवलेले गोड तुकडे. साहेबांनी दोन्ही जबाब नाड्यात बांधून कपाटात ठेवले. सुमनकाकू मला म्हणाल्या की सिंगापूरला येऊनही हा माणूस तालुक्याच्या कोर्टातच राहायला आहे.

सुमनकाकू भंडाऱ्याला शिक्षिका होत्या. वैशाखी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाऊन यायच्या आणि येताना वंदनेनंतरच्या खिरीचा डबा माझ्यासाठी पासिर रिसपर्यंत घेऊन यायच्या. सिंगापूरच्या एका टोकापासून पार दुसऱ्या टोकाला, फक्त खीर द्यायला.

हस्तांतराला दोन महिने राहिले तेव्हा साहेब आणि मी छोट्या विमानानं त्या बेटांवर गेलो. राजधानीच्या मंत्रालयानं चालू खटल्यांची यादी दिली होती, ती तिथल्या नोंदवह्यांशी ताडून पाहायची होती. काम तीन दिवसांचं. बंदराजवळ पत्र्याचं छप्पर असलेलं कोर्ट. तिथल्या मुख्य कारकून सालोमेबाई, वीस वर्षं त्याच इमारतीत काढलेल्या. नव्या सरकारात त्याच रजिस्ट्रार होणार होत्या. त्यांनी नोंदवह्या काढल्या, साहेबांनी खिशातून फूटपट्टी काढली, आणि त्या दोघांची अशी गट्टी जमली की मला मधे बोलायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची फूटपट्टी एका ओळीवर थांबली. शेवटचा रकाना रिकामा होता. पुढची तारीख नाही. पानं उलटली तसे असे आणखी रकाने सापडले. त्यांनी सालोमेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या फायली कसल्या ना कसल्या अर्जावर राजधानीला वरच्या कोर्टात गेल्या होत्या, परत आल्याच नाहीत. फाईल नाही म्हणून तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणून मंत्रालयाच्या यादीत नाव नाही.

"आणि माणसं?" साहेबांनी विचारलं.

सालोमेबाई उठल्या, आम्ही त्यांच्यामागून रस्ता ओलांडला. समोरच तुरुंग होता, शाळेसारखा बैठा. जेलरनं कैद्यांची यादी आणून दिली. साहेबांनी दोन्ही याद्या जेलरच्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि एकेक नाव पट्टीखाली घेत गेले. तुरुंगात असलेली पण कुठल्याच कोर्टाच्या यादीत नसलेली अकरा नावं निघाली. कोणी दोन वर्षं आत, कोणी चार.

बाहेर आल्यावर साहेबांनी फूटपट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, एक तारखेला हस्तांतर झालं की ही अकरा माणसं कोणाच्या सरकारात?"

परत आल्यावर टॅननं सगळं नीट ऐकून घेतलं. पण त्याचं म्हणणं सरळ होतं. यादी मंत्रालयाची, जबाबदारी मंत्रालयाची. आम्ही फक्त मिळालेली यादी चढवायची आणि शेवटी एक दाखला द्यायचा, की सर्व प्रलंबित खटले हस्तांतरित झाले आहेत. कोर्टाच्या कामाचे तज्ज्ञ म्हणून त्या दाखल्यावर सही साहेबांची.

"सर्व हा शब्द काढा," साहेब म्हणाले, "मी आत्ता सही करतो."

तो शब्द निघणार नव्हता. दोन सरकारांच्या करारातच 'सर्व' होतं. टॅननं मंत्रालयाला लिहून पाहिलं, उत्तर आलं की दिलेली यादी पूर्ण आहे. आठवडा गेला. दाखला साहेबांच्या टेबलावर तसाच पडून. टॅन वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यावरही वरून दडपण होतं. एक दिवस त्यानं साहेबांना सांगितलं की तुमच्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे सिंगापुरात काम करायच्या परवान्याची, मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे, आणि नूतनीकरणाच्या कागदावर वरचे लोक या कामाचं काय झालं ते पाहतील. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

त्या दुपारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर साहेबांनी ताट घेतलं, पण खाल्लं नाही. मी त्यांना सांगून पाहिलं की चूक आपली नाही, आपण लेखी कळवलं आहे. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या पहिल्या चार्जची गोष्ट सांगितली.

कारकून होऊन वर्षही झालं नव्हतं. बदलून जाणाऱ्या माणसानं चार्ज दिला, याद्या पुढे केल्या, बस सुटेल म्हणाला. यांनी फायली न मोजता सही केली. त्यात एका विधवा बाईच्या जमिनीची फाईल नव्हती. सखूबाई नाव. पुढे दोन वर्षं ती बाई नऊ मैल चालत कोर्टात यायची, आणि हे तिला सांगायचे की फाईल सापडत नाही, पुढच्या महिन्यात या. मग ती यायची बंद झाली. त्यानंतर रंगाच्या कामासाठी कपाट हलवलं, तर मागे फाईल. साहेब सायकलनं तिच्या गावी गेले. घराला कुलूप होतं. कोणी म्हणालं भावाकडे छत्तीसगडला गेली, कोणी म्हणालं वीटभट्टीवर. ते तीनदा जाऊन आले.

"ती मला कधी एक शब्द बोलली नाही," साहेब म्हणाले. "सही माझी होती ना. आता हे एक सरकार दुसऱ्या सरकारला चार्ज देऊन राहिलं. अन् सही पुन्हा माझीच मागून राहिले."

संध्याकाळी चोआ चू कांगला फोन करून मी सुमनकाकूंना पासबद्दल हळूच सांगितलं, त्यांना ठाऊक असावं म्हणून. त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी सूटकेस खाली काढून पुसून ठेवली होती. म्हणाल्या, "सही करून आले तर घरात कोणाशी धड बोलणार नाहीत. त्यापेक्षा भंडारा बरा."

साहेबांनी मग त्यांना येणारी एकच गोष्ट केली. दोन पानांचा अर्ज लिहिला. 'मोस्ट रिस्पेक्टफुली सबमिटेड.' त्यात कोणाला दोष दिला नव्हता. अकरा नावं, प्रत्येक जण कधीपासून आत, फाईल कधी गेली, आणि खाली एक सूचना: या खटल्यांची वेगळी यादी करावी, फाईल नसली तरी नाव चढवावं, आणि सर्वांना हस्तांतरानंतरच्या पहिल्या सोमवारची तारीख द्यावी. अर्ज नाड्यात बांधून त्यांनी टॅनच्या टेबलावर ठेवला. टॅननं तो घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये वाचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ साहेबांच्या टेबलापाशी आला, हातात तो नाडा गुंडाळलेला. त्यानं एवढंच विचारलं की मंत्रालय ही माणसं आपली म्हणत नाही, मग देणार कोण?

साहेब म्हणाले, देणारा राहू द्या, घेणाऱ्याला विचारू.

सालोमेबाईंना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी नव्या सरकारच्या कोऱ्या कागदावर लिहून पाठवलं की ही अकरा माणसं आम्ही मागून घेतो, फाईल असो वा नसो. ते पत्र टॅननं राजधानीला पुढे पाठवलं. इतके दिवस ज्या मंत्रालयाकडे या माणसांसाठी वेळ नव्हता, त्याच्याकडून, ही कटकट कोणीतरी मागून घेतंय म्हटल्यावर, दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. मी शनिवारी ऑफिसात बसून ती वेगळी यादी बांधली, आणि साहेबांच्या सांगण्यावरून एक बंधन घातलं: पुढची तारीख भरल्याशिवाय कुठलाच खटला नोंदला जाणार नाही. संगणक अडून बसेल. सोमवारी साहेबांनी दाखला वाचला, 'सर्व' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि सही केली.

हस्तांतराच्या दिवशी झेंडे, भाषणं, बँड असं सगळं झालं. साहेबांना त्यात रस नव्हता. त्यांना सोमवार हवा होता. पहिल्या सोमवारी ते कोट-टाय घालून पत्र्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसले, मी शेजारी. अकरा नावं पुकारली गेली. तिसरा एक कोळी होता, टोमास नावाचा. दुसऱ्याची होडी फोडल्याचा आरोप. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, या गुन्ह्याला शिक्षा किती? सरकारी वकिलानं पुस्तक पाहून सांगितलं, जास्तीत जास्त एक वर्ष. हा माणूस चार वर्षं आत होता. मॅजिस्ट्रेटनं चष्मा काढला, पुसला आणि त्याला सोडून दिलं.

टोमास जागचा हलला नाही. कठड्याला धरून तसाच उभा, शिपाई परत न्यायला येईल म्हणून. शेवटी सालोमेबाई आपली जागा सोडून खाली आल्या आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. तेव्हा त्यानं कठडा सोडला.

साहेब मांडीवर डायरी ठेवून मराठीत रोजनामा लिहीत होते. मी डोकावले. लिहिलं होतं: टोमास. हजर. सुटला. त्याखालची ओळ ओली होऊन शाई पसरली होती, आणि साहेब ती रुमालानं टिपत होते.

त्या आठवड्यात सात जण घरी गेले. तिघांवरचे आरोप गंभीर होते, ते आतच राहिले, पण त्यांना तारखा मिळाल्या. अकरावा म्हातारा होता. तो तुरुंगाचं स्वयंपाकघर सांभाळायचा, आणि सोडल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी भात लावायला हजर झाला. सालोमेबाईंनी जेलरला सांगून त्याला पगारावर ठेवून घेतलं. हे ऐकून साहेब दोन दिवस मधूनमधून एकटेच हसत होते.

साहेबांच्या पासचं नूतनीकरण झालं. टॅननं वर काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर दुसऱ्या एका देशाचं तसंच काम आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत टॅननं समोरच्या अधिकाऱ्यांकडे तुरुंगाची यादी मागितली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता कान खाजवला.

दोन हजार नऊमध्ये त्यांनी नोकरी सोडली. आम्हाला वाटलं आता भंडारा. तर सालोमेबाईंचं पत्र आलेलं होतं. नव्या सरकारनं कारकुनांची नवी भरती केली होती, त्यांना शिकवायला एक वर्ष याल का? लहान लहान बेटांवर कोर्टं, एका बेटावरून दुसऱ्यावर होडीनं जायचं. साहेबांनी हो म्हणून टाकलं आणि मग त्यांना आठवलं की आपण जन्मात होडीत बसलेलो नाही. तलावांच्या जिल्ह्यातला माणूस, पण पाण्याला घाबरणारा. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला फोन केला. तुमच्या पासिर रिसला समुद्र आहे ना मॅडम, थोडी सवय करून घ्यावी म्हणतो.

दोघं सकाळीच आले. किनाऱ्यावर पोरं पतंग उडवत होती, चांगीकडे उतरणारी विमानं डोक्यावरून जात होती. साहेबांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली. पूर्ण बाह्यांचा शर्ट तसाच. सुमनकाकू म्हणाल्या मी हात धरते, तर नको म्हणाले. तिथला समुद्र तळ्यासारखा शांत, लाट अशी नाहीच. तरी पावलाला पाणी लागलं तसे ते दचकून मागे आले. पुन्हा गेले. घोट्यापर्यंत गेले, पोटऱ्यांपर्यंत गेले. मग लांबून एक मोठी बोट गेली असावी, तिचं पाणी उशिरानं किनाऱ्याला आलं आणि त्यांच्या गुडघ्यांवरून पार वर गेलं. दुमडलेली पँट भिजली.

काकू किनाऱ्यावरून ओरडल्या, पुरे आता, या बाहेर. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात बाजूला पसरून, तोल सांभाळत, त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.